ओतून दिलेलं पाणी

कळंब, सोमवार संध्याकाळ, १९६२

शिसारी आली आहे.

बायकांशी बोलायला कुणीतरी हवं, म्हणून उमेदवारसाहेबांनी मला प्रचाराच्या जीपमध्ये घेतलं होतं. मतदारसंघातल्या मोठ्या गावांत हारतुरे, भाषणं. लहान वस्त्यांवर मात्र जीपचं इंजिनसुद्धा बंद करत नाहीत. आज गावाबाहेरच्या एका वस्तीवर थांबलो. गावच्या विहिरीवर इथल्या लोकांना येऊ देत नाहीत. बाया ओढ्यात झिरा उकरून पाणी भरतात. म्हाताऱ्या गंगूबाईनं घासून लख्ख केलेला तांब्या साहेबांपुढं धरला. "निवडून आलो की पहिली विहीर तुमची," म्हणत त्यांनी तो हसून घेतला आणि बोलत बोलत जीपमागं गेले. तिथं सगळं पाणी मातीत ओतलं. रुमालानं हात पुसले, दोनदा. रिकामा तांब्या परत देताना म्हणाले, "लई गोड पाणी!" केवढा लख्ख होता तो तांब्या!

मला राहवलं नाही. गंगूबाईला बाजूला घेतलं. "आजी, यांना मत देऊ नका. पाणी ओतून दिलं त्यांनी."

"म्या बघितलं की," ती म्हणाली. "मागच्या बारीला दुसरा आलता. त्यानं तर तांब्याला हातबी लावला न्हाय. ह्यो निदान खोटं तरी बोलला. तुमी सांगा, कुनाला द्यावं मग?"

जीपचा हॉर्न वाजला आणि मी जाऊन बसले. त्याच माणसाच्या शेजारी.