मधलं घर

प्रिय स्पृहा,

मांजरीहून कर्वेनगरला यायला तुला वेळ का होत नाही, हे विचारणं मी सोडलंय. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते. आधी काय ते रागावून घे. गोदाबाईने केरवारे करताना बाबांचा पट पुसला.

तुझा नि त्यांचा त्या जपानी खेळाचा, 'गो'चा, तो शेवटचा, अर्धवट डाव. सात महिने मी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. मी मंडईत गेले, तेवढ्यात तिने सगळे काळे-पांढरे खडे एका ताटलीत काढले आणि ओल्या फडक्याने लाकूड लख्ख केलं. वर मलाच म्हणते, "काकू, किती धूळ साठू दिलीत!"

मग आठवलं. त्या रविवारी चिडून जाताना तू पटाचा फोटो काढून मला पाठवला होतास. खाली लिहिलं होतंस, 'चाल बाबांची. खेळले की कळव.' भांडण तरी काय, "वीस वर्षं खेळतेस, अजून खडेच मोजतेस. आकार बघ," एवढंच ते म्हणाले होते. त्यांचं असलं बोलणं तुला नवीन होतं का? पण तू उठून गेलीस आणि गुरुवारी ते गेले.

फोटो समोर ठेवून मी एकेक खडा रेघा जुळतात तिथे ठेवत गेले. दुपार सरली. पट हुबेहूब फोटोसारखा झाला आणि ताटलीत एक पांढरा खडा उरला.

पांढरे बाबांचे. मी तीनदा ताडून पाहिलं. ताटलीत होते ते सगळे पटावरचेच खडे. म्हणजे तू गेल्यावर ते खेळले होते.

कुठे, ते शोधायला मला तीन आठवडे लागले. हा खेळ मी कधी शिकले नाही, पण त्यांची वही होती. तीत शब्द कमी, आकारच फार. आधी मी आईच्या मायेने तो खडा तुझ्या खड्यांपासून लांब, कडेला ठेवला. तिथे त्यांच्याच दोन खड्यांना चिकटून एक बोजड त्रिकोण झाला. वहीत तसल्या त्रिकोणावर लाल रेघ आणि शेरा, 'अडाणी'. मलाच उद्देशून लिहिल्यासारखा. किती दिवसांनी हसले मी.

परवा सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होते. तिथे मी ठिपके कुठे मोजते? रेघ कुठे वळायची ते बोटांना दिसतं. तशीच उठले, हातही न धुता पटापाशी गेले, आणि दिसलं. वरच्या कोपऱ्यात तुझ्या काळ्यांच्या आत ओळीने तीन मोकळ्या जागा. मधली तू घेतलीस तर दोन्हीकडे एकेक घर होतं, आणि दोन घरं असली की तुझे खडे जगतात. ती त्यांनी घेतली तर अख्खा कोपरा मेला. शंभरेक खडे, आणि सगळे त्या एका जागेकडे टक लावून बसलेले! मी खडा तिथे ठेवला. चाळीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून हे पाहत होता, आणि मी म्हणत होते, अहो, चहा निवतोय.

दहाव्याला तू विचारलंस, "आई, बाबा खेळले का गं?" मी सांगितलं, नाही, पटाला हातसुद्धा लावला नाही. तेव्हापासून तू पटाच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. मी खोटं बोलले नव्हते, पण ते खोटं होतं. मला पट तेव्हा दिसतच नव्हता. ते खेळले होते, स्पृहा, आणि तुझे जराही लाड न करता खेळले होते. तुझा कोपरा गेला. बाकीचा पट अजून मोकळा आहे. रविवारी ये. चाल तुझी आहे.

तुझीच,
ठिपके न मोजणारी आई