लव्हाळ्यांवर थांबलेल्या माझ्या भावास परत आणण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, धाराशिव.

अर्जदार : उमाशंकर शांतलिंग कलशेट्टी, रा. लोहारा, जि. धाराशिव.

विषय : केनिया देशातील दलदलीत अडकलेले माझे थोरले बंधू श्री. बसवेश यांना मायदेशी आणण्याबाबत.

संदर्भ : बंधूंचा गेल्या सोमवारचा फोन. त्यानंतर फोन लागत नाही.

महोदय,

आपल्या दालनाच्या दारापर्यंत मी येऊन गेलो. शिपायाने काम विचारताच शब्द सुचेनात, म्हणून माघारी फिरलो. जे तोंडाने सांगता आले नाही, ते लिहून देत आहे.

१. माझे बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पोकलेन चालवतात. भूमपासून तुळजापूरपर्यंत कितीतरी तलावांचा गाळ त्यांनी काढला आहे. आपल्या कोरड्या मुलखात पाण्याला पाणी भेटवणे हे पुण्य मानतात. ओढ्यापासून खणलेला चर तलावाला मिळाला की बायाबापड्या ताट घेऊन येतात, पाण्याची खणानारळाने ओटी भरतात आणि मशीनलाही कुंकू लावतात.

२. उन्हाळ्यात अण्णा एका ठेकेदारामार्फत केनियास गेले. तेथे व्हिक्टोरिया या समुद्रासारख्या सरोवराच्या आसपास लहान लहान तळी आहेत. तळे आणि सरोवर यांच्यामध्ये पपायरस नावाच्या, माणसाहून उंच लव्हाळ्यांची दलदल असते. ती कापून एक तळे सरोवरास जोडायचे, होड्यांना वाट करून द्यायची, हे अण्णांचे काम. आपल्याकडे हिरवे दिसले की खाली जमीन असते. तेथे ती लव्हाळी पाण्यावर तरंगतात. ओंडके अंथरून त्यांवर मशीन उभे करावे लागते. अण्णा म्हणाले, "मशीन बंद केलं तरी खालची भुई हलती रं." तेव्हापासून घरच्या फरशीवरही मी जपून पाऊल टाकतो.

३. काम संपत आले असता त्या तळ्यावर मासे धरणारी एक वृद्ध बाई झाकलेले ताट घेऊन मशीनसमोर आली. अण्णांना वाटले, ओटी आली. ते उतरले, चपला काढल्या, मान लववली. तिने वरचे पान बाजूला केले. ताटात सरोवरातला एक मोठा मासा होता, पोट चिरलेला. आणि त्या पोटात बोटाएवढे मासे, काही अजून चकाकत असलेले. आम्ही लिंगायत. आमच्या चुलीवर कधी मासा चढला नाही. अण्णा दोन पावले मागे सरले. दुभाष्याने मग अर्थ सांगितला : हा शिकारी मासा फार वर्षांपूर्वी बाहेरून आणून सरोवरात सोडला गेला आणि त्याने तिथल्या अनेक जाती खाऊन संपवल्या. त्यांतल्या काही या लहान तळ्यांत तगून आहेत, कारण लव्हाळ्यांखालच्या कोंदट पाण्यात त्या शिकाऱ्याचा जीव गुदमरतो आणि त्याला पलीकडे जाता येत नाही. वाट झाली की तो आत येईल.

४. अण्णांनी तेथेच काम थांबवले. चर सरोवराला मिळाल्याशिवाय, आपल्याकडे ठेवून घेतलेला पासपोर्ट परत देणार नाही, असे ठेकेदाराने बजावले आहे. खाली उतरल्यास दुसरा चालक बसवतील, म्हणून अण्णा केबिन सोडत नाहीत. ती बाई होडीतून त्यांना जेवण पोहोचवते. ओंडके भिजत आहेत. मशीन ज्यांवर चालते, त्यांतली एका बाजूची चेन पाण्यात गेली आहे. अण्णांनी दोन वेळा मोबाईलवर आपले ठिकाण पाठवले. नकाशावर ती दोन ठिकाणे एक नाहीत, आणि मशीन तर बंद होते. हा दोष मोबाईलचा असावा, अशी मी रोज प्रार्थना करतो.

५. यापूर्वी मी एका कार्यालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण तेथील गृहस्थ माझ्याशी मायेनेच बोलले. त्यांनी विचारले, भाऊ मयत आहे का? जखमी आहे का? पगार थकला आहे का? प्रत्येक वेळी मी नाही म्हणालो. मग तक्रार काय, असे विचारले असता, जमीन तरंगते आहे, एवढेच मला सांगता आले. त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "बाळा, काही झालं म्हंजे ये." साहेब, काही झाल्यावर मी कशासाठी येऊ?

६. तरी आपण हे प्रकरण तातडीने केनियातील भारतीय उच्चायुक्तालयाकडे पाठवावे, पासपोर्ट परत मिळवून द्यावा आणि अण्णांना काठावर आणावे. ते उतरल्यावर त्या तळ्याचे काय होईल, हे मला ठाऊक आहे. तरीही मी हेच मागतो आहे.

७. आणखी एक विनंती आहे. ती कोणत्या नियमात बसते, मला माहीत नाही. शेवटच्या फोनवर अण्णांनी विचारले, "उमा, म्या चुकलो का रं?" मी नेहमीप्रमाणे शब्द जुळवत राहिलो आणि फोन तुटला. त्यांच्यापर्यंत जो कोणी अधिकारी प्रथम पोहोचेल, त्याने कागदपत्रे पाहण्याआधी माझ्या वतीने एवढे सांगावे : अण्णा, तुम्ही चुकला नाहीत. आता खाली उतरा.

उत्तराची भीत भीत वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
उमाशंकर शांतलिंग कलशेट्टी

स्थळ : लोहारा
दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

सोबत : १. दोन्ही ठिकाणांच्या नकाशांची छापील प्रत. २. बंधूंचे छायाचित्र.