टेबलापुरता नियम

ताई,

आज तुला नमस्कारसुद्धा घालणार नाही, इतकी चिडले आहे मी.

गेले कित्येक बुधवार ब्रिज क्लबात आपल्या टेबलावर विरुद्ध जोडीतले दोघं, कुणाचंही पान पडलं की, ओरडतात. 'बदाम राणी!' 'किलवर सत्ती!' माझं डोकं उठायचं. आज शेवटी सेक्रेटरीला गाठून म्हटलं, "हा काय भाजीबाजार आहे का?" तर तो बघतच राहिला. म्हणाला, "अहो, तुमच्या ताईंना टेबलावरची पानं दिसत नाहीत ना आता! तुम्हाला माहीत नाही?"

नाही. विरुद्ध जोडीतल्या डॉक्टरीणबाईंना माहीत, त्यांच्या त्या पेंगणाऱ्या नवऱ्याला माहीत, चहा आणणाऱ्यालाही माहीत. सख्ख्या बहिणीला तेवढं नाही! आणि मी मूर्खासारखी सांगत फिरतेय, की ताई हल्ली पानं नाकाशी धरते, कुणी डोकावू नये म्हणून.

तू काय म्हणशील तेही मला पाठ आहे : 'पार्टनरला खुणेनंसुद्धा काही सांगायचं नसतं.' अगं, तो नियम टेबलापुरता होता! घरी जाताना माझा हात घट्ट धरून चालतेस, तेव्हा तरी तोंड उघडायचंस. मला वाटायचं, माया उतू चाललीय.

हे पत्र पाठवणार नाही. वाचून दाखवायला तू त्या सेक्रेटरीलाच बसवशील. पण येत्या बुधवारी माझं प्रत्येक पान मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं सांगणार आहे, आणि तू एकदाही 'हळू बोल' म्हणायचं नाहीस.

तुझी पार्टनर,
आणि आठवत असेल तर, धाकटी बहीण