अर्ध्या नावाचा नंबर

तीर्थरूप देविदासमामांना जवळा बाजारहून हरीशचा वाकून नमस्कार, आणि मामींना त्याहून जरा जास्त वाकून. गुडघा कसा आहे? म्हैस जवळ येऊ देते का? (लाथ तिनंच मारली होती, म्हणून दोघांची चौकशी एकदमच करतो.) फोन न करता पत्र लिहून राहिलो, कारण मामी स्पीकर लावतात आणि मग आपलं बोलणं पुसेगावभर बराबर पोहोचतं.

इकडं माझी नोकरी जाता जाता राहिली. ती राहणं किती गरजेचं होतं, ते खाली येईलच. आमच्या शेतकरी गटाकडं हळद शिजवायचं एकच यंत्र. कुणाचा नंबर कधी, ते कळावं म्हणून मी वेबसाइट केली. शेतकऱ्याचं पूर्ण नाव टाकलं की नंबर दिसायचा. एक अक्षर कमी पडलं, की 'असा शेतकरी नाही' म्हणून ती मोकळी. आता शेतकरी सगळे हळद काढण्यात गुंतलेले, नंबर बघायला यायच्या बायका. आणि आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेतात व्हय? हे मला कॉम्प्युटरच्या क्लासात कुणी शिकवलं न्हाई.

बेबीबाई आल्या. म्हणाल्या, "आमच्या मालकाचा नंबर बघ." मी नाव विचारलं. "तुला म्हाईत न्हाई?" माहीत होतं, पण नाव नंबर बघायला आलेल्यानंच सांगायचं असा गटाचा नियम (एकाचा नंबर दुसऱ्यानं पळवल्यापासून मीच करायला लावलेला, आता मलाच नडला). बाईंनी सासूला आणलं. सासूबाई 'माणिकराव' म्हणाल्या आणि गप्प झाल्या, कारण पुढचं नाव त्यांच्या मालकाचं. मग वसमतहून एसटीनं नणंद आली. तिनं भावाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत सांगितलं, तोवर नंबर निघून गेला होता आणि काढलेली हळद ढिगातच पडून. बेबीबाई काउंटरसमोर बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं मामा. गटाचे अध्यक्ष भागवतराव म्हणाले, पुढच्या बाजारापर्यंत हे नीट कर, न्हाई तर नंबर लिहायची जुनी वही परत येईल आणि तू घरी जाशील.

मग मी अर्ध्या नावावरून शोधायची सोय केली. आधी काय केलं, तर नावात कुठंही जुळलं की दाखव, असं वेबसाइटला सांगून ठेवलं. बेबीबाईंनी लाजत शेवटचं 'राव' तेवढं सांगितलं, आणि पडद्यावर तीनशे बारा नवरे आले. बाईंनी पदर ओढून पाठच फिरवली. "एवढ्यांचं काय करू? हाय तो एकच दे." मग सुरुवातीपासून जुळलं तरच दाखवायचं, असं केलं. आता बाई 'माणि' म्हणतात आणि तोंड मिटतात, तेवढ्यावर नंबर येतो. अर्धं नाव घेणं म्हणजे नाव घेणं नव्हे, असा ठराव बायकांनी यंत्राच्या सावलीत बसून केला. तांड्यावरच्या नानीबाई 'रामसिं' पर्यंत येतात आणि उरलेलं घरी घेऊन जातात. भागवतराव खूश आहेत (घरी त्यांनाही आता 'भाग' एवढीच हाक येते, ते मात्र ते सांगत न्हाईत).

बाकी ठीक. तब्येतीला जपा, म्हशीपासून लांब राहा, पत्र मामींना दाखवू नका.

आपला भाचा,
हरीश

ता. क. नोकरी राहिली एवढंच सांगायला पत्र लिहिलेलं न्हाई. काउंटरवर भागवतरावांची लेक प्रतीक्षा टाइप करायला बसते. आमच्या दोन एकरांचा नंबर माझ्या नावावर आहे. कालपर्यंत ती 'हरीश' असं पूर्ण लिहायची, आजपासून 'हरी' लिहून थांबते. मामा, मला ती फार आवडते. भागवतरावांकडं बोलणी करायला तुमीच यायला पाहिजे.

आणखी एक. येऊ नका. कीबोर्डवरचं 'श'चं बटण अडकतं, असं प्रतीक्षा म्हणते. मीही दाबून बघितलं. खरंच अडकतं. फार लाज वाटली.

शेवटचं. नवा कीबोर्ड आणला. सगळी बटणं मी स्वतः तपासली. तिनं माझ्यासमोर 'हरी' लिहिलं, थांबली, आणि खाली बघत म्हणाली, हाही बिघडला वाटतं. गुडघा दुखत असला तरी पत्र मिळताच पहिल्या गाडीनं या.