सुतकातही अर्ज भरावा

मी सोमाजी रखमाजी शिंगोटे, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार डिंगोरे, तालुका जुन्नर. शिक्षण चौथीपर्यंत. डोके शाबूत असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. छातीत धडधडते, पण ते पहिल्यापासूनच.

राहते घर व ओढ्याकाठची जमीन मुलगा जालिंदर आणि सून आशा यांना निम्मी निम्मी. कडबा कापायचे यंत्र जालिंदरला. फवारणीचा पंप शेजारी चांगदेवकडे आहे. तो मागून आणावा, आपण होऊन येणार नाही.

आता मुख्य कलम. गावच्या दूध संस्थेच्या कमिटीवर आशा महिलांच्या जागेवर आहे. पशुखाद्य, डॉक्टर, तालुक्याचे हेलपाटे सगळे तीच बघते. पण मीटिंगला दाराशी सतरंजीवर बसते, कारण मीही कमिटीवर आहे आणि सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही.

मागल्या मीटिंगला संस्थेचा सेक्रेटरी कुशाबा म्हणाला, "आशालाच चेअरमन करा."

चांगदेव म्हणाला, "सतरंजीवरनं सह्या करणार व्हय? सोमाभाऊ म्होरं असताना ती वर बसंल का?"

सगळे हसले. मी म्हणालो, "बसंल."

आशा दाराशीच म्हणाली, "मामा, तुमच्या म्होरं मला न्हाई जमायचं."

निवड पुढच्या महिन्यावर गेली. तेव्हापासून मला झोप नाही. मी जगलो तर ती बसणार नाही. मेलो तर सुतक म्हणून तिला घरात बसवतील. सुतक जालिंदरलाही असेल, पण तो संस्थेत गेला तर कोणी बोलणार नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. निवडीच्या आत मी गेलो तर आशाने सुतकातही अर्ज भरावा व मीटिंगला जावे. दहावा एक दिवस पुढे ढकलला तरी चालेल. गाई सुतकातही दूध देतात.

एवढे वाचून दाखवल्यावर आशा म्हणाली, "मामा, त्यासाठी मराया कशाला पायजे? त्या दिशी घरी ऱ्हावा की."

हे मला सुचले नव्हते. कमिटीचा राजीनामा आजच लिहून कुशाबाकडे दिला. रिकामी जागा जालिंदरने मागू नये, नाहीतर नवऱ्यासमोर पुन्हा सतरंजी आलीच.

मजकूर दोनदा वाचून घेतला, पटला, म्हणून सही करतो. मी जिवंत राहिलो तरी मुख्य कलम लागू समजावे. तिने खुर्चीवर बसावे.

सही: सोमाजी रखमाजी शिंगोटे
साक्षीदार: कुशाबा भिमाजी डोके (सही), सारजाबाई तुकाराम डोके (अंगठा)
डिंगोरे, ९ ऑगस्ट २००३