ह्यांच्या कॅल्क्युलेटरला आवाज

२ फेब्रुवारी, रविवार

पाठीमागचे सहा स्क्रू निघाले. सातवा चिकटपट्टीखाली दडून बसला होता — डांबरट!

हे न्हाव्याकडे गेलेत. तिथे गप्पा रंगतात, म्हणजे तासभर तरी निश्चिंती. आलेख काढणारा हा कॅल्क्युलेटर गेली चौदा वर्षं ह्यांच्या बॅगेत आहे. शाळेत गणित शिकवायला जाताना डबा विसरतील, हा नाही. आत पहिल्यांदाच डोकावले. बॅटरीच्या कप्प्याशेजारी नखाएवढी जागा आहे. छोटा स्पीकर बसेल. मी दिवसभर श्रवणयंत्रं दुरुस्त करते, त्याहून अवघड काय असणार?

ह्यांच्या नजरेचा मध्यच पुसला जातोय. कडा दिसतात. माझ्याकडे बघायचं तर माझ्या कानाकडे बघतात. डॉक्टर म्हणाले, "आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही." गेल्या महिन्यात भिंग आणलं, तर फणकारले — "मी अजून म्हातारा झालो नाही." भिंग ड्रॉवरमध्ये पडलंय.

म्हणून आधी न विचारता करतेय. रेघ वर चढली की सूर चढणार, उतरली की उतरणार. डोळ्यांनी नाही तर कानांनी आलेख! हाती दिल्यावर रागावले तर रागावले.

४ फेब्रुवारी

मेलेल्या मोबाइलमधून स्पीकर काढला. डबीत कापसावर ठेवलाय. कामावरची सहकारीण म्हणाली, "नथ आहे का गं?"

९ फेब्रुवारी, रविवार

वाजला! वाजला!

हे फिरायला गेले आणि मी टेबलावर टॉवेल पसरला. बाजूच्या खाचेतून तारा घेतल्या, सोल्डरचे टाके मारले, नेटवर सापडलेला प्रोग्राम आधीच भरून ठेवला होता. सरळ रेघ लावली — सूर जिना चढल्यासारखा वर गेला. मग पॅराबोला. खाली आला, तळाला टेकला, पुन्हा वर. एकटीच खोलीत हसत बसले वेड्यासारखी. मागच्या झाकणाला भोकं पाडायची राहिलीत, आवाज गुदमरतो. पण वाजतो!

आणि झाकण लावताना घात झाला.

स्क्रीनला बोर्डाशी जोडणारी पट्टी असते, कागदासारखी पातळ. माझ्या अंगठ्याखाली आली. कर्र झालं. सुरू केलं तर खालच्या दोन रेघा सोडून सगळी स्क्रीन कोरी.

तेवढ्यात कुलुपाचा आवाज. कसेबसे स्क्रू पिळले, बॅगेत टाकला. "काय चाललंय?" — "काही नाही, रेडिओ बघत होते." चाळीशी उलटल्यावर इतकं सराईत खोटं बोलता येतं!

उद्या सकाळी सांगेन. रात्रभर शांत झोपू देत त्यांना.

१० फेब्रुवारी

सकाळी त्यांना उशीर झाला होता. चहासुद्धा अर्धा टाकून गेले. नाही सांगितलं.

वाटलं, शाळेत उघडतील, बिघडलाय म्हणून येऊन चिडतील, मग कबूल करेन. संध्याकाळी आले, बॅग खुंटीला, हातपाय धुतले, जेवले. एक शब्द नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

११ फेब्रुवारी

आजही नाही. त्यांनीही नाही, मीही नाही.

१२ फेब्रुवारी

भूगोलाचे सर खालच्या मजल्यावर राहतात. जिन्यात भेटले. पिशवी हातात तशीच धरून म्हणाले, "वहिनी, सरांनी असं एकाएकी का केलं?"

मी म्हटलं, काय केलं?

त्यांचा चेहराच उतरला. "राजीनामा दिला ना परवा. तुम्हाला ठाऊक नाही?"

ह्यांनी त्यांना म्हणे सांगितलं होतं — कॅल्क्युलेटरवरचे आकडे दिसतात तोवर शिकवीन, असं मनाशी ठरवलं होतं. सोमवारी दिसेनात. संपलं.

सर पुढे बरंच बोलत होते. मला एवढंच ऐकू येत होतं — सोमवारी दिसेनात.

माझ्या अंगठ्यानं त्यांची नोकरी खाल्ली.

१३ फेब्रुवारी

सांगितलं. स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी राहून. तोंडाकडे बघून जमलं नसतं.

"डोळे नाही गेले तुमचे. स्क्रीन गेली. मी उघडला होता. माझ्याकडून पट्टी तुटली."

मी टिपटिपणारा नळ घट्ट पिळला.

"कधी?"

"रविवारी. तुम्ही फिरायला गेला होतात."

"म्हणजे सोमवारी मी वर्गात उभा होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"कशाला उघडलास?"

स्पीकरचं सांगितलं. रेघेचा सूर, सगळं. सांगताना मलाच ते पोरकट वाटायला लागलं. त्यांनी चपला घातल्या. "जेवायला थांबू नकोस," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं!

१५ फेब्रुवारी

दोन दिवस अबोला. "मीठ दे" एवढंच.

मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं. ह्यांना न सांगता. आणखी एक चोरी! म्हटलं, चूक माझी आहे, पत्र फाडून टाका. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पत्र माझ्याच कपाटात आहे अजून. पण ते मागायला सरच यायला हवेत." मग दारापर्यंत सोडायला आल्या. "घरी बोला तुम्ही दोघं. नीट बोला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कीव होती. का, ते समजलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पट्टी जोडली. मध्ये रबराचा तुकडा ठेवून सोल्डरिंगच्या गरम टोकानं दाबत, दाबत नेली. सकाळचे तीन तास. आकडे परतले! सगळे, ठसठशीत. खुशाल आता जा म्हणावं बाईंकडे, पत्र मागा.

हे खिडकीशी बसले होते. समोर जाऊन हातात ठेवला. "घ्या. बघा, दिसतात का."

त्यांनी नेहमीसारखी मान तिरकी केली. अंगठा स्क्रीनवरून फिरवला. बराच वेळ बघितलं.

"हो," म्हणाले. "दिसतात. स्वच्छ."

चारही बॅटऱ्या माझ्या मुठीत होत्या. झाकण लावताना काढलेल्या, परत घालायच्या राहिल्या होत्या.

त्यांच्या हातून घेतला, बॅटऱ्या घातल्या, पहिला सापडला तो आलेख लावला. सूर उतरला, वळला, चढला. त्यांची मान सरळ झाली. डोळे मिटले.

"पॅराबोला," म्हणाले. "पण तळ मधोमध नाही. डावीकडे सरकलाय." आणि मग, खूप हळू, "दुसरा लाव."

सात आलेख ऐकले. माझ्या तळहातावर अजून बॅटऱ्यांचे ठसे होते.

१८ फेब्रुवारी

आज आपणहून बोलले. आकडे वर्षभर दिसतच नव्हते. बोटांना बटणं पाठ होती, उत्तरं डोक्यात करून वाचल्यासारखी सांगायचे. सोमवारी पहिल्या बाकावरची मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, स्क्रीन तर कोरी आहे. तुम्ही कुठून वाचताय?" वर्गात कुणीही हसलं नाही. तेच त्यांना सहन झालं नाही.

मी म्हटलं, "वर्षभर! मला का नाही सांगितलंत?"

"तू तरी कुठे विचारलंस?" म्हणाले. "भिंग आणलंस."