आमच्या वर्गातली पोटदुखी

२८ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा तेच! चाचणीचे पेपर वाटून होतात न होतात तोच तिसऱ्या बाकावरची ती पोट धरून उभी. मी म्हटलं, "आली आमची पोटदुखी!" वर्ग खो खो हसला. हे नाव मीच ठेवलंय तिला, आता सगळा वर्ग त्याच नावाने हाक मारतो.

जाता जाता माझ्या टेबलाशी थांबली. अगदी हळू — "बाई, पाळी सुरूच झाली नसेल, तरी दर महिन्याला दुखतं का?" पुढच्या बाकावर मुलगे बसलेले! माझे कान तापले. म्हटलं, "हे आईला विचारायचं. पेपर बुडवायला नुसती निमित्तं!" मान खाली घालून गेली.

चाचणीचा सोमवार आला की बरोबर पोट दुखतं. मीही लहानपणी गणिताच्या तासाला हेच करायचे. मला काय शिकवतेस, बये!

२९ सप्टेंबर

गैरहजर. वर्ग शांत.

३० सप्टेंबर

खेळाच्या बाईंनी सांगितलं — पोरीची लघवी अडली, काल दवाखान्यात नेलं. आज ऑपरेशन. कसलं, ते त्यांनाही ठाऊक नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडलाच नाही.

१ ऑक्टोबर

खेळाच्या बाई भेटून आल्या. डॉक्टरीणबाई आईला समजावत होत्या, तेव्हा या तिथेच होत्या. योनिमार्गाच्या तोंडाशी पातळ पडदा असतो, त्याला वाट असते. हिच्या पडद्याला जन्मापासून वाटच नव्हती. पाळी केव्हाच सुरू झाली होती! अंडाशयं, संप्रेरकं, गर्भाशय — सगळी आपापलं काम चोख करत होती. दर महिन्याला रक्त सुटायचं आणि आतच साठायचं. दीड वर्ष! काल काढलं ते अर्ध्या लिटरच्या वर भरलं. मागे गर्भनलिकांपर्यंत तुंबलं होतं. पडदा कापून वाट केली, आता पाळी नीट येईल. पण नलिकांना किती इजा झालीय, पुढे मूल होईल ना, हे आत्ताच सांगता येत नाही म्हणे.

पंधरा वर्षांची पोर!

आणि आई काय झोपली होती? मुलीला पाळी येत नाही, दर महिन्याला गडाबडा लोळते, हिला काहीच वाटू नये? घरी येऊन यांच्यापुढे त्या बाईचा चांगला उद्धार केला. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पण तू का एवढी तापलीस?" मी भाजी करपली म्हणून आत गेले. भाजी काही करपली नव्हती.

३ ऑक्टोबर

आज हजेरीपट काढून बसले. तिच्या अर्ध्या दिवसाच्या खुणा — सहा जुलै. तीन ऑगस्ट. एकतीस ऑगस्ट. अठ्ठावीस सप्टेंबर. दर चौथा सोमवार! मधल्या सगळ्या सोमवारच्या चाचण्यांना हजर, आणि वीसपैकी सतरा, अठरा. अठ्ठावीस दिवसांचं चक्र, लाल शाईत, माझ्याच अक्षरात. आणि मी जीवशास्त्राची बाई! पोरीने तर सरळ सरळ विचारलं होतं. याहून स्पष्ट काय विचारायला हवं होतं तिने?

मग टाचणवही उघडली. रोज काय शिकवलं ते लिहायचं, मुख्याध्यापकांनी सही करायची. गेल्या वर्षीचं पान — "प्रजननसंस्था : शिकवून पूर्ण." खोटं. त्याच्या आदल्या वर्षीही खोटं. सत्तावीस वर्षं! पचनसंस्थेला चार तास, डोळ्याला तीन, आणि हा धडा आला की — "सोपा आहे, घरी वाचून या." लाज मुलांना वाटेल म्हणायचे. मुलांना कसली? मलाच वाटत होती. शी!

५ ऑक्टोबर, सोमवार

शिकवला.

फळ्यावर 'योनिमार्ग' लिहिताना खडू मोडला. मुलगे खिदळले. खिदळू दिलं, थोडी मीही हसले आणि पुढे गेले. अंडाशय, गर्भनलिका, गर्भाशय. इस्ट्रोजेन अस्तर जाड करतं, प्रोजेस्टेरॉन ते सांभाळून धरतं, दोन्ही उतरली की अस्तर गळतं — तीच पाळी. मग वृषण, शुक्राणू, आवाज का फुटतो, सगळं. वीस मिनिटांत वर्ग चिडीचूप. कशाला घाबरत होते मी इतकी वर्षं?

शेवटी नाव न घालता चिठ्ठ्या मागवल्या. एकतीस आल्या! "मला मिशी कधी फुटणार? वर्गात मीच राहिलोय." "पांढरं जातं, मला कॅन्सर झालाय का?" अरे देवा, ही पोरं कधीपासून हे पोटात घेऊन बसली होती! एका चिठ्ठीत प्रश्नच नव्हता — "तिला ते नाव तुम्हीच ठेवलंत." ती मी मोठ्याने वाचली. म्हटलं, हो, ठेवलं. चुकलं माझं.

७ ऑक्टोबर

ती घरी आलीय. उद्या जाते. तिची माफी मागायची. आणि तिच्या आईला मात्र चार शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाही. सगळं खापर माझ्या एकटीच्या डोक्यावर का?

८ ऑक्टोबर

आईने दार उघडलं, माझ्याकडे बघतच राहिली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "ओळखलं नाहीत ना बाई? नववी ब. चोवीस वर्षं झाली. मीही तुमच्याच हाताखाली शिकलेय."